चर्नी रोडच्या बागेतले मास्तर

मुंबईत चर्नी रोड स्थानकाच्या बाहेर एक बाग आहे. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ती नुसती चर्नी रोडची बाग होती. गिरगावच्या चाळींतून दमून बाहेर पडलेली माणसे तेथे संध्याकाळी वारा खायला येत. त्या बागेत रोज येऊन बसणाऱ्यांत एक मास्तर होते. ते वारा खायला येत असतीलच, पण हातात पुस्तक असे. काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले की, आणखी एक जण असाच रोज येतो, कोणाशी फारसे बोलत नाही आणि पुस्तकातून मान वर काढत नाही. तो शाळकरी मुलगा होता.

मास्तरांनी एके दिवशी त्याची चौकशी केली. मुलाने आपले नाव भीमराव सांगितले आणि आपण महार जातीचे आहोत हेही सांगितले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्रात ही भेट आली आहे. मास्तरांचे नाव कृष्णराव अर्जुन केळूसकर. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते.

केळूसकरांची ओळख पुढे सगळ्या महाराष्ट्रात एका वाक्यावर येऊन ठेपली : बाबासाहेबांना बुद्धचरित्र भेट देणारे गुरुजी. हे वाक्य खरे आहे. मात्र त्यात मास्तर एका दिवसापुरते येतात, पुस्तक हातात देतात आणि इतिहासातून नाहीसे होतात. ते पुस्तक त्यांच्यापाशी कोठून आले, तेच पुस्तक का दिले आणि देण्यापूर्वी व दिल्यानंतर त्या माणसाने काय केले, हे कोणी फारसे विचारत नाही. हा धागा त्या प्रश्नांविषयी आहे.

आधी त्या मुलाविषयी, कारण बागेत वाचत बसण्याची पाळी त्याच्यावर का आली हे कळल्याखेरीज पुढचे कळणार नाही.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त होऊन सातारा सोडून मुंबईत आले, तेव्हा त्यांचे बिऱ्हाड परळच्या डबक चाळीत होते. खोली एक. तिच्यात चूल, भांडी, जळण, पाहुणेरावळे आणि अभ्यास. रामजींनी यावर तोड काढली होती. मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे, आपण रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला उठवून स्वतः आडवे व्हायचे. निजण्याची जागाच दोघांत मिळून एक, तर पाळी लावण्यावाचून इलाज काय! पुस्तकांचे वेड मुलाला लागलेले होतेच. त्याला हवे ते पुस्तक आणण्यासाठी हा बाप लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे जाई, त्यांच्याकडून उसने पैसे घेई, पैसे नसले तर त्यांचा एखादा दागिना मागून घेऊन गहाण टाकी आणि पेन्शन आली की सोडवून परत देई.

शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नामांकित. तेथे एकदा शिक्षकांनी या मुलाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात गलका झाला. फळ्यामागे इतर मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. तो फळ्याला हात लावण्याआधी ते डबे धावपळ करून हलवले गेले. याहून दूरवर परिणाम करणारी गोष्ट मात्र गलका न होता घडली. त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला संस्कृत शिकायचे होते; ते त्यांना शिकवले गेले नाही. त्यांनी फारसी घेतली. पुढे आंबेडकर स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत शिकले, पण त्या वयात ते दार बंद झाले ते झालेच.

हे बंद दार लक्षात ठेवून केळूसकरांच्या ग्रंथांची यादी पाहावी, म्हणजे बागेतल्या त्या मास्तरांचे खरे काम दिसू लागते.

कृष्णरावांचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी एका मराठा कुटुंबात झाला. आडनाव गावावरूनच. कोकणातून मुंबईत येऊन शिकणे आणि शिकून शाळेत मास्तरकी धरणे, ही त्या काळी अनेकांची वाट होती. त्यात नवल नाही. नवल आहे ते मास्तरकी करीत असताना या माणसाने मराठीत काय काय आणले, याचे. १८९६ मध्ये त्यांचे तुकारामांचे चरित्र निघाले. १८९८ मध्ये गौतम बुद्धाचे चरित्र. गीता त्यांनी अन्वय आणि अर्थ देऊन मराठी वाचकासाठी उलगडली, उपनिषदे मराठीत आणली. सेनेका आणि एपिक्टेटस या रोमन काळच्या तत्त्वज्ञांचे विचार मराठीत आणले. १९०७ मध्ये शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र प्रसिद्ध झाले.

ही यादी विद्यापीठातल्या पंडिताची वाटेल. ती एका शाळामास्तराची आहे, आणि तीही स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या. दिवसभर वर्ग घ्यायचे, घरी येऊन दिव्याखाली ग्रंथ वाचायचे आणि वाचलेले मराठीत उतरवायचे, असा हा अनेक वर्षांचा क्रम असला पाहिजे. एरवी एवढे लिखाण उभे राहत नाही. त्यातले सूत्र तपासले तर ते वाचनाचेच आहे. जे ग्रंथ संस्कृतच्या किंवा इंग्रजीच्या कुलपात होते, ते या माणसाने स्वतः वाचले आणि ज्यांना त्या भाषा येत नव्हत्या, किंवा येऊ दिल्या जात नव्हत्या, त्यांच्यासाठी मराठीत मांडले. त्या कुलपाच्या बाहेर ठेवलेला एक वाचक तर चर्नी रोडच्या बागेत त्यांच्यासमोरच येऊन बसला होता.

आता त्या बुद्धचरित्राविषयी. १८९८ साली बुद्धाचे मराठी चरित्र निघणे ही आज वाटते तितकी साधी गोष्ट नव्हती. महाराष्ट्राच्या डोंगरांत कान्हेरी, कार्ले, भाजे, अजिंठा असे बौद्ध लेणी-समूह शतकानुशतके उभे होते, पण गावकरी त्यांना पांडवांची लेणी म्हणत. वारकरी परंपरेत बुद्ध होता तो विठ्ठलाच्या रूपातला, मौन धरलेला अवतार म्हणून. मगधात हिंडलेला, वाद घातलेला, संघ बांधलेला ऐतिहासिक माणूस म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. १८७९ मध्ये एडविन आर्नल्ड यांचे ‘द लाइट ऑफ एशिया’ हे काव्य निघाले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगात बुद्ध घरोघरी पोचला. हे आर्नल्ड त्यापूर्वी पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे येथे सांगायला हरकत नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईच्या उत्तरेला सोपाऱ्याचा स्तूप खणून त्याच्या पोटातला करंडक बाहेर काढला. १८९१ मध्ये अनागारिक धर्मपालांनी महाबोधी सोसायटी स्थापली. आणि ज्या वर्षी केळूसकरांचे पुस्तक आले, त्याच १८९८ च्या जानेवारीत नेपाळच्या सीमेवर पिप्रहवा येथील स्तूपात बुद्धाच्या अस्थी मानले गेलेले अवशेष सापडले.

हे सारे ज्ञान इंग्रजीत होते. ते मराठीत आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत शिक्षण खात्यातली माणसे पुढे होती, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे. विनायक कोंडदेव ओक हे शिक्षण खात्यातले. ते मुलांसाठी ‘बालबोध’ नावाचे मासिक चालवीत. त्यात आलेले बुद्धाचे लहानसे चरित्र १८९७ च्या सुमारास गोव्यातल्या साखवळ गावी एका विशीतल्या तरुणाच्या हाती पडले. शेतीवाडी सांभाळणाऱ्या त्या तरुणाचे औपचारिक शिक्षण बेताचेच होते. ते वाचून तो इतका हलला की दोन वर्षांनी घर सोडून निघाला आणि पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा हिंडत पाली भाषेचा पंडित होऊन परतला. तेच धर्मानंद कोसंबी. म्हणजे वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने दोन मराठी लेखकांनी बुद्ध मराठीत सांगितला. एकाचे मासिक साखवळला पोचले, दुसऱ्याचे पुस्तक परळच्या चाळीत.

ते परळला कसे पोचले, याची हकीगत खुद्द आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी त्यांनी ६ एप्रिल १९५६ ही तारीख घालून एक प्रस्तावना लिहिली. तिच्यात ते सांगतात की, आपण इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झालो तेव्हा जातीतल्या लोकांनी सत्काराची सभा घ्यायचे ठरवले. इतर समाजांकडे पाहता त्यात साजरे करण्यासारखे फारसे नव्हते. पण इतक्या पायरीपर्यंत पोचलेला जातीतला हा पहिलाच मुलगा म्हणून लोकांना त्याचे अप्रूप होते. ते रामजींकडे परवानगी मागायला गेले. रामजींनी साफ नकार दिला. पोराने परीक्षा दिली, पास झाला, त्यात काय मोठे. असल्या सभांनी त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लोक हिरमुसले, पण गप्प बसले नाहीत. ते रामजींचे स्नेही दादा केळूसकर यांच्याकडे गेले. दादांनी रामजींशी वाद घातला, त्यांना वळवले आणि सभा झाली. अध्यक्षस्थानी दादाच होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती दिले.

चरित्रकार मात्र हा प्रसंग थोडा निराळा सांगतात. कीरांच्या मते सत्कार झाला तो १९०७ मध्ये, मॅट्रिकच्या यशाबद्दल. आणि अध्यक्ष होते सीताराम केशव बोले, तर केळूसकर वक्ते. परीक्षेच्या गुणांची नोंदही चरित्रात आहे : ७५० पैकी २८२. आता कोणावर विश्वास ठेवावा? आंबेडकरांचे शब्द प्रत्यक्ष सत्कारमूर्तीचे आहेत, पण ते जवळजवळ पन्नास वर्षांनी, खालावलेल्या प्रकृतीत लिहिलेले आहेत. कीरांची हकीगत माहिती गोळा करून लिहिलेली आहे, आणि जातीतला पहिला मॅट्रिक म्हणून सभा भरणे हे इंग्रजी चौथीपेक्षा अधिक संभवनीय वाटते. वर्षाच्या बाबतीत चरित्रकारांचे पारडे जड आहे. पण वडिलांचा नकार, लोकांचा हट्ट आणि दादांची मध्यस्थी या गोष्टी कोणी विसरत नाही आणि नसलेल्या आठवत नाही; त्यासाठी आंबेडकरांचाच आधार घ्यावा.

आणखी एक बारकावा. ते पुस्तक बडोद्याच्या ‘सयाजीराव ओरिएंटल सीरिज’साठी लिहिलेले होते, असे आंबेडकर म्हणतात. गायकवाड ओरिएंटल सीरिज या नावाने विख्यात असलेली संस्कृत ग्रंथमाला १९१६ मध्ये सुरू झाली. १८९८ चे मराठी पुस्तक तिच्यातले असू शकत नाही. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्याआधीही मराठी ग्रंथ निघत होते, त्याचा हा संदर्भ दिसतो. नाव मागून चिकटले असेल, पण धागा बडोद्याचा आहे एवढे पक्के. तो पुढे उपयोगी पडतो.

पुस्तक वाचून त्या मुलाने काय केले? हा भाग बहुतेकदा सांगितला जात नाही, आणि खरे तर सगळ्यात मोलाचा तोच आहे. त्याने वडिलांना जाब विचारला. रामजी कबीरपंथी होते. घरात रोज रामायण-महाभारताचे वाचन होई आणि मुलांनी ते वाचलेच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाला प्रश्न पडला की, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा थोरवा आणि शूद्रांचा हीनपणा पानोपानी आहे, ते आपल्याला का वाचायला लावता. आणि बुद्धाविषयीचे ग्रंथ आपल्याला का दिले नाहीत? रामजी आधी रागावले. पुढे एकदा त्यांनी उत्तर दिले. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड वाढण्याचा संभव. म्हणून हे ग्रंथ वाचा. द्रोण आणि कर्ण लहान पायरीवरून किती वर चढले ते पाहा. वाल्मीकी तर कोळी, आणि त्याने रामायण रचले. बापाच्या या उत्तरात तथ्य आहे हे मुलाला दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातले कोणतेच पात्र त्याला पटले नाही, असे तो सांगतो. बुद्धाकडे आपण रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, आधीचे वाचलेले समोर होते आणि त्याच्याशी ताडून पाहता येत होते, हेही त्याने आवर्जून नोंदवले आहे.

शिक्षकाने दिलेल्या पुस्तकाची याहून मोठी कसोटी सांगता येणार नाही. मुलाने पुस्तक डोळे मिटून शिरोधार्य मानले नाही. ते हाती घेऊन तो घरातल्या दुसऱ्या पुस्तकांशी आणि प्रत्यक्ष वडिलांशी भांडला.

केळूसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. इंटरच्या परीक्षेपर्यंत रामजींचे हात टेकले. येथे बडोद्याचा धागा पुन्हा येतो. सयाजीराव महाराजांनी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत, लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी आपण मदत करू, असे जाहीर केले होते. केळूसकरांनी ते शब्द धरून ठेवले. ते भीमरावाला घेऊन महाराजांच्या भेटीला गेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले, उत्तरे पटली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजात म्युलर नावाचे प्राध्यापक त्याला पुस्तके आणि कपडे देत. अशा टेकूंवर बी. ए. पूर्ण झाले. त्या २५ रुपयांतूनच पुढची वाट फुटली : बडोद्याची नोकरी, २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचा मृत्यू, आणि त्याच वर्षी बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ.

बागेत वाचणाऱ्या मुलाचे तेथे काय झाले, हे सांगायचा मोह आवरत नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्याने सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. ते घरी पाठवण्यासाठी एका परिचिताच्या स्वाधीन केले आणि त्यांतले पुष्कळसे वाटेत गहाळ झाले. १९१७ मध्ये लंडनहून परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्धाचे दिवस, ती बोट पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये हाती आले, आणि करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर जाण्याच्या खर्चाची सोय झाली ती त्या पैशांतून.

बडोद्यात काय घडले ते सर्वज्ञात आहे : राहायला जागा नाही, नाव लपवून पारशी धर्मशाळेत आश्रय, काठ्या घेऊन आलेला जमाव आणि आठ तासांची मुदत. त्यानंतरचा एक प्रसंग कीरांच्या चरित्रात आहे, तो कमी सांगितला जातो. मुंबईला परतलेल्या आंबेडकरांसाठी केळूसकरांनी पुन्हा धडपड केली. बडोद्यातले एक प्राध्यापक त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी आंबेडकरांना पैसे घेऊन आपल्या घरी ठेवण्याचे कबूल केले. आंबेडकर बडोद्याच्या स्टेशनावर उतरले, तो त्यांच्या हाती चिठ्ठी पडली : घरात पत्नीचा विरोध आहे. ते परत फिरले. पुस्तक पोचते तेथे माणसाला घर मिळेलच असे नाही, हे त्या वेळी सत्तावन्न वर्षांच्या मास्तरांनाही उमगले असेल.

आता त्यांच्या शिवचरित्राविषयी, कारण इतिहासकार म्हणून केळूसकरांना जोखायचे तर तेच पुस्तक घ्यावे लागते. ‘क्षत्रियकुलावतंस छत्रपती शिवाजीमहाराज ह्यांचे चरित्र’ हे मराठीतले शिवाजी महाराजांचे पहिले विस्तृत आधुनिक चरित्र म्हणून ओळखले जाते. शीर्षकातला पहिला शब्द सहज आलेला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वेदोक्त प्रकरणाला १९०० च्या आगेमागे तोंड फुटले होते. भोसले घराणे क्षत्रिय की शूद्र, आणि त्यांचे विधी कोणत्या मंत्रांनी करायचे, यावर वर्तमानपत्रे पेटली होती. तो धुरळा बसलेला नसताना एका मराठा शाळामास्तराने महाराजांच्या चरित्राच्या मुखपृष्ठावरच आपले मत छापून टाकले.

ग्रंथाच्या मर्यादाही आहेत. बखरींवर त्याची भिस्त मोठी आहे, आणि वि. का. राजवाडे प्रभृतींनी अस्सल पत्रे छापायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाचे हे लिखाण आहे. पुढच्या काळातल्या संशोधनाने त्यातले बरेच तपशील दुरुस्त केले. तरीही विल्सन कॉलेजचे प्राध्यापक नीळकंठ सदाशिव टाकाखाव यांना त्याचे इंग्रजी रूपांतर करावेसे वाटले आणि १९२१ मध्ये ते मुंबईच्या मनोरंजन छापखान्यातून बाहेर पडले. जदुनाथ सरकारांचा ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ १९१९ चा. मुघल कागदपत्रांच्या बाजूने पाहिलेले ते चरित्र इंग्रजी वाचकांपुढे असताना, मराठी परंपरेतून पाहिलेले दुसरे चरित्रही त्यांना उपलब्ध झाले, ते केळूसकरांमुळे. तुकाराम, बुद्ध आणि शिवाजी, या तिघांची चरित्रे एकाच माणसाने ११ वर्षांत लिहावीत, ही निवडही बोलकी आहे. तिघांचेही भांडण जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांशी झाले होते.

कृष्णराव अर्जुन केळूसकर १४ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या हयातीत निघाले नाही. मागाहून प्रसिद्ध झाले. बागेतला मुलगा तोवर बॅरिस्टर झाला होता, गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे पडले होते, दादरच्या हिंदू कॉलनीत त्याने पुस्तकांसाठी ‘राजगृह’ नावाचे घर बांधले होते. राजगृह हे मगधाच्या राजधानीचे नाव. आपल्या घराला बिंबिसाराच्या आणि बुद्धाच्या नगराचे नाव देणे, हे १९०७ च्या त्या भेटीशी जोडल्यावाचून राहवत नाही.

मास्तरांच्या निधनानंतर एक वर्ष पुरे व्हायला एक दिवस उरला होता, तेव्हा, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात सभा भरली. संगमनेरकडून कोपरगाव ओलांडले की येते ते येवले. हिंदू म्हणून जन्मलो तो माझ्या हातचा प्रश्न नव्हता, हिंदू म्हणून मरणार नाही, हा निर्धार आंबेडकरांनी तेथे जाहीर केला. त्या वेळी कोणत्या धर्मात जाणार हे त्यांनी सांगितले नव्हते, आणि देशभरातून निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे निमंत्रणे घेऊन आले. उत्तर द्यायला २१ वर्षे लागली. मधल्या काळात त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. तिच्या पहिल्या महाविद्यालयाला नाव दिले सिद्धार्थ, औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव पडले मिलिंद. २८ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईच्या पुरंदरे स्टेडियममधल्या सभेत त्यांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. कबीर वडिलांकडून आले होते. बुद्ध मास्तरांकडून.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. केळूसकरांच्या मृत्यूला त्या दिवशी बरोबर २२ वर्षे झाली होती. हा योगायोग आहे. त्याला त्याहून अधिक मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला आंबेडकर गेले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये छापून निघाला, पण त्यांनी लिहिलेली ती प्रस्तावना त्या आवृत्तीत नव्हती. सभेला परवानगी नाकारणारे रामजी, हट्ट धरणारे जातभाई, मध्यस्थी करणारे दादा आणि भेट दिलेले पुस्तक, हे सगळे त्या न छापलेल्या पानांत राहिले. भगवान दास यांनी आंबेडकरांच्या दुर्मिळ प्रस्तावना एकत्र करून १९८० मध्ये जालंधरहून प्रसिद्ध केल्या, तेव्हा ही पाने वाचकांपुढे आली. तिच्यात आंबेडकरांनी आपण बुद्धाकडे कसे वळलो ते सांगितले आहे, आणि त्याचे श्रेय दादा केळूसकरांनी दिलेल्या पुस्तकाला दिले आहे.